परतीचा आवाज

३ मार्च, सोमवार

शेवटी खापर माझ्याच डोक्यावर! दहा माणसांदेखत होयबा म्हणाला, "फायरवॉल यांच्याकडे असते, यांनाच विचारा." यांनाच! मागच्या महिन्यात त्या टायवाल्या सल्लागाराला माझ्या खुर्चीत बसवलं, फायरवॉलचा पासवर्ड त्याच्या हवाली केला, तेव्हा यांना कुणी विचारलं होतं? तेव्हा मला म्हणाला, तुम्ही तोवर जेवून घ्या. मी डबा खाऊन आले तर नवे नियम चढलेले आणि टायवाला गाडीत बसलेला.

विभागप्रमुख म्हणे! वरून कुणी नुसतं खाकरलं तरी "हो सर" म्हणतो. होयबा हे नाव मीच ठेवलंय आणि ते त्याला चपखल बसतं.

दुखणं काय, तर ज्या मजल्यांवर नवे, नेटवर्कवरून चालणारे फोन बसवले तिथून हॉस्पिटलबाहेर फोन लावला की लागतो, पलीकडचा उचलतो, आपलं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू जातं — त्याचं आपल्याला अवाक्षर येत नाही. आतल्या आत, वॉर्डातून वॉर्डात, सगळं ठीक. मोठ्या सिस्टरनी आज मीटिंगमध्येच सुनावलं. काल त्यांनी डॉक्टरांना घरी फोन लावून पेशंटची अवस्था सांगितली. डॉक्टरांनी औषध सांगितलं असणार, यांना काही कळलं नाही. धावत खाली रिसेप्शनच्या जुन्या फोनवर आल्या. "एखाद्या दिवशी मी खाली पोचेन आणि उशीर झालेला असेल," म्हणाल्या. सगळे टेबलाकडे बघत बसले. मीसुद्धा.

४ मार्च

सकाळी मोबाइलवरून बाबांना लावला. एकदा वाजून कट. जानेवारीपासून हेच. मला कळत नाही असं वाटतं का दादाला? दिवसभर लोकांची वाहतूक अडवायचाच पगार घेते मी! बाबांच्या खोलीतल्या फोनवर माझा नंबर अडवून ठेवलाय. सख्ख्या बहिणीचा.

भांडण डिसेंबरातलं. फोनवर बाबांचा आवाज घोगरा येत होता, मध्येच तुटत होता. मी म्हटलं, घसा कुणाला तरी दाखवा. तर दादाने फोन ओढून घेतला — सर्दी आहे, तिथे बसून सल्ले देऊ नकोस. मग मी बोलायचं ते बोलले. तोही बोलला. आमच्या घरात लुडबुड करू नकोस, म्हणाला. आमच्या! बाबा त्याच्याकडे राहतात म्हणजे काय त्याच्या नावावर झाले?

दुपारी एकला होयबा जेवायला गेला तेव्हा टेबलावरच्या ऑफिसच्या फोनवरून लावून बघितला. हा नंबर दादाला ठाऊक नाही. आणि उचलला! दादा-वहिनी दोघंही त्या वेळी आपापल्या कामावर, म्हणजे बाबाच. मी "बाबा" म्हटलं. काही नाही. "बाबा, मी बोलतेय." काही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला — माझ्या टेबलावरचा फोनही नव्यांतलाच! कपाळावर हात मारून घेतला.

म्हटलं, "बाबा, तुमचा आवाज इकडे येत नाही. दोष आमच्याकडे आहे. तुम्हाला माझं ऐकू येतंय हे मला माहीत आहे. ठेवू नका."

ठेवला नाही त्यांनी. जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनमन होते, बिघाड म्हटल्यावर त्यांना जास्त सांगावं लागत नाही. मीच दोन-चार वाक्यं बोलले, होयबाची चाहूल लागली तसा ठेवला.

रिसेप्शनवरून लावता येईल, पण तिथे रांग असते, रांगेत उभं राहून बापाशी काय बोलणार. कुणाचा मोबाइल मागायचा तर कारण सांगावं लागेल. भावाने मला अडवलंय हे मी कुणाला सांगू?

६ मार्च

सापडलं! टायवाल्याचीच करणी.

आमच्या फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याला, एक सर्वसाधारण पॉलिसी आहे, सगळ्या दारांना लागू. कुठली वाहतूक ओळखायची आणि ओळखल्यावर तिची कसली तपासणी करायची, हे तिच्यात लिहिलेलं. फोनची तपासणीही आहे. फोन जुळताना दोन्हीकडून जे निरोप जातात-येतात ते ती वाचते, पलीकडचा आवाज कुठल्या वाटेने परत येणार हे त्यातून समजून घेते आणि त्या कॉलपुरती तेवढीच फट उघडते. कॉल संपला की फट बंद. निरोप नीट वाचला नाही तर फट नाही, आणि फट नसली की पलीकडचा आवाज दाराबाहेरच राहतो.

टायवाल्याने बाहेरच्या दारासाठी वेगळी पॉलिसी केली आणि तिच्यात फोनची तपासणी पुन्हा लिहिली — कडक करून! आमची टेलिफोन कंपनी वाट ज्या पद्धतीने सांगते ती त्याच्या कडकपणात बसत नाही, म्हणून फट उघडत नाही. आणि एकाच गोष्टीची तपासणी दाराच्या पॉलिसीत असली की फायरवॉल सर्वसाधारण पॉलिसीकडे ढुंकूनही बघत नाही. दाराचा नियम जिंकतो. माझी पॉलिसी आहे तिथेच आहे, शाबूत, बरोबर. तिला कुणी विचारत नाही एवढंच!

आमच्या घरी तरी दुसरं काय आहे. बाबा दोघांचे, पण दाराशी दादा उभा.

७ मार्च

तळपायाची आग मस्तकात गेलीये.

होयबाला सगळं समजावलं. हॉस्पिटलचं उदाहरण देऊन समजावलं — मुख्य फाटकावरच्या पहारेकऱ्याला एक सूचना, मागच्या फाटकावरच्याला त्याच गोष्टीची वेगळी, तर मागचा आपलीच मानणार. मान डोलावली. मग टायवाल्याच्या पॉलिसीतली फोनची तपासणी मी काढली, सर्वांसमक्ष. मोठ्या सिस्टरनी वॉर्डातून फोन लावला. पलीकडचं काही नाही. पुन्हा लावला. काही नाही! मी स्वतः लावला. शुकशुकाट.

होयबाचा चेहरा असा काही खुलला की बघवेना. "म्हणजे त्यांचा नियम बरोबर होता," म्हणाला. नियम परत चढवायला लावला. माझ्याच हाताने. वर टायवाल्याला फोन लावून — रिसेप्शनवरून! — माझ्यादेखत म्हणाला की आमच्याकडच्या मंडळींचा जरा गोंधळ झाला.

माझं चुकलेलं नाही. कुठे अडलंय ते कळत नाही, पण चुकलेलं नाही.

१० मार्च

एकला लावला. उचलला. आज होयबा वरच्या मजल्यावर हांजी हांजी करायला गेलेला, म्हणून मनसोक्त बोलले. बाबांना सगळं सांगितलं — टाय, होयबा, शुक्रवारची फजिती. होयबा "हो सर" कसं म्हणतो त्याची नक्कलही केली. बाबांना असल्या नकला आवडतात. पलीकडे हसले असतील. मला काय कळणार! या माणसांनी माझ्या बापाचं हसू दाराबाहेर अडवून ठेवलंय आणि वर चूक माझीच म्हणतात.

ते ठेवत नाहीत. मीच ठेवते शेवटी.

११ मार्च

बोलले. छान वाटलं. बाकी दिवस फुकट.

१२ मार्च

ट्यूब पेटली! आणि पेटली ती जेवताना, डबा तसाच टाकून उठले.

नियम बदलला तरी तो नव्या कनेक्शनलाच लागतो. जे कनेक्शन आधीपासून चालू आहे ते, जुळलं त्या वेळी जो नियम होता त्याच नियमाने शेवटपर्यंत चालतं. मला हे ठाऊक होतं! वॉर्डातला कॉल नवा असला तरी सगळ्या कॉलचे निरोप आमचा फोन-सर्व्हर टेलिफोन कंपनीला एकाच कनेक्शनवरून पाठवतो, आणि ते कधी तुटतच नाही. दिवसेंदिवस तेच. मी शुक्रवारी नियम काढला, पण ते कनेक्शन टायवाल्याच्या नियमाखाली जुळलेलं. त्याच्यापर्यंत माझा बदल पोचलाच नाही.

आणि हेही कळलं की टायवाल्याची चाचणी यशस्वी कशी झाली. त्याने नियम चढवला त्या दिवशी कनेक्शन आधीचं होतं, माझ्या पॉलिसीखालचं. म्हणून आवाज आला. तो सही घेऊन गेला. दोन दिवसांनी फोन-सर्व्हर बंद करून चालू केला, कनेक्शन नवं जुळलं, आणि तिथून पुढे हॉस्पिटल बहिरं. त्याच्या चुकीला माझ्या कामाने पास केलं आणि माझ्या कामाला त्याच्या चुकीने नापास!

१३ मार्च

होयबा नाही म्हणाला.

मी मागत होते तरी काय — नियम काढायचा आणि ते एक जुनं कनेक्शन तोडायचं. ते आपोआप पुन्हा जुळतं. मिनिटभर बाहेरचे फोन बंद. तर म्हणतो, चालू कॉल तुटले तर जबाबदार कोण? मी म्हटलं, चालू कॉलमध्ये आपल्याकडे कुणालाच काही ऐकू येत नाहीये. तर म्हणतो, निदान लागतात तरी.

निदान लागतात तरी! हे वाक्य फ्रेम करून त्याच्या डोक्यावर टांगलं पाहिजे.

बाबांना सांगितलं दुपारी. म्हटलं, काळजी करू नका, मी हे दुरुस्त करणार म्हणजे करणार, तुमचा आवाज ऐकल्याशिवाय राहणार नाही.

१७ मार्च, सोमवार

झालं!

मोठ्या सिस्टरमुळे. शनिवारी मी त्यांच्या वॉर्डात जाऊन बसले आणि होयबाला जे सांगितलं तेच सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "मिनिटभरच ना?" आज त्या स्वतः अधीक्षकांकडे गेल्या. तिथून होयबाला बोलावणं आलं आणि होयबा "हो सर, मी तेच म्हणत होतो" असं म्हणत खाली आला. सिस्टरनी सगळ्या वॉर्डांना कळवलं, दहा मिनिटं कुणी बाहेर फोन लावू नका. मी नियम काढला. कनेक्शन तोडलं. जुळलं परत. सिस्टरनी डॉक्टरांना लावला आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून डॉक्टर वैतागून म्हणत होते, "अहो, बोला ना कुणीतरी." इतकं गोड वैतागलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

संध्याकाळी होयबाने सर्वांना मेल पाठवली की "आमच्या विभागाने" बिघाड दूर केला. टायवाल्याचे आभार मानलेत! सहकार्याबद्दल! माझं नाव कुठेही नाही. जाऊ दे खड्ड्यात. उद्या एकला बाबांशी बोलणार. नीट, दोन्ही बाजूंनी.

१८ मार्च

काय लिहू.

लावला. लगेच उचलला. मी जवळजवळ ओरडलेच — बाबा, लाइन नीट झाली, मी केली, आता बोला! आणि कान लावून बसले.

पंख्याची घरघर आली. लांबून कुठल्या तरी गाडीचा हॉर्न. खुर्ची करकरली. श्वास — जरा शिट्टी वाजल्यासारखा. माणूस तिथे बसलेला. मला सगळं ऐकू येत होतं. फक्त शब्द नाही.

"बाबा?" म्हटलं. "बोला ना."

मग त्यांनी फोन ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी ठेवला.

१९ मार्च

बाबाच म्हणायचे, लाइनला दोष देण्याआधी आपला रिसीव्हर बघावा. बघितला. दुसरा लावला. शेजारच्या टेबलावरून चार ठिकाणी फोन केले, सगळ्यांचं ऐकू आलं. मग बाबांना लावला आणि बोलता बोलता फायरवॉल उघडून तो कॉल बघितला. फट उघडलेली. त्यांच्याकडून आवाजाचं पॅकेटमागून पॅकेट येतंय, एकही गळत नाहीये. तपासणी चोख. माझ्याकडे काहीही बिघाड नाही.

म्हणजे ते बोलतच नाहीयेत. इतके दिवस मी मूर्खासारखी बडबडत होते, नकला करत होते, आणि पलीकडे ते मुद्दाम गप्प!

२० मार्च

आज बोलून टाकलं. सगळं. म्हटलं, "दादाने बजावलंय ना, हिच्याशी बोलायचं नाही? मग उचलता कशाला? नंबर अडवलाय, तसा हाही अडवा. मला काय, मी लाइनच्या नावाने बोटं मोडत बसले असते अजून." आवाज चढला होता माझा. होयबा काचेतून बघत होता, बघू दे. म्हटलं, "मुलगी तुमचीही आहे, नुसती त्याची बहीण नाही." शिट्टीसारखा तो श्वास जोरात यायला लागला. मला वाटलं, आता बोलतील. नाही बोलले.

मी फोन आपटला.

दादा जिंकला. त्याच्या दारात त्याचा नियम. आता मीही कुठल्या तोंडाने फोन करू, आणि का करू!

२१ मार्च

केला नाही.

२४ मार्च, सोमवार

टेबलावरचा फोन वाजला. वहिनी. पहिल्यांदाच त्यांनी मला इथे फोन केला. मला वाटलं भांडायला. मी तयारच होते.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या की हे कामावर गेलेत आणि बाबा झोपलेत, म्हणून बोलतेय. त्या जानेवारीपासून रजेवर आहेत, घरीच असतात. मी विचारलं, रजा कशाला?

बाबांचं ऑपरेशन झालं जानेवारीत. घशाचं. सर्दी नव्हती ती. आतली स्वरपेटीच काढावी लागली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. बोलता येत नाही. येणारही नाही.

वहिनीच बोलत होत्या.

नंबर दादाने अडवला नाही. बाबांनी अडवायला लावला, कागदावर लिहून. वहिनी म्हणाल्या, "घसा दाखवा म्हणून तू सांगितलं होतंस. यांनी मनावर घेतलं नाही. हे तुला कळलं तर तू आयुष्यात भावाचं तोंड बघणार नाहीस, म्हणून." दादा नको म्हणत होता, तिला सांगू या म्हणत होता. बाबांनी ऐकलं नाही.

मग एक दिवस अनोळखी नंबरावरून फोन आला. बाबांनी सवयीने उचलला, आणि मी म्हणाले, तुमचा आवाज येत नाही, दोष आमच्याकडे आहे, तुम्ही ठेवू नका. वहिनी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, ऑपरेशननंतर इतकं हसलेलं त्यांना मी पहिल्यांदा बघितलं. त्या दिवसापासून पाऊण वाजला की फोनजवळ खुर्ची घेऊन बसायचे. यांनी विचारलं, हाही नंबर अडवू का? तर हातच धरला यांचा.

"आणि मग तू लाइन दुरुस्त केलीस," वहिनी म्हणाल्या. "गुरुवारपासून नीट जेवत नाहीत. रोज एकला बसतात, दोनपर्यंत. मी सांगितलं हे त्यांना कळता कामा नये. पुढे काय करायचं ते तू ठरव."

मी ठेवला. समोर होयबा कुणाला तरी "हो सर" म्हणत होता. मला सगळ्यांचा राग आला. दादाचा आला, आतून, अगदी पेटून उठले — मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं! बाबांचा आला, परस्पर सगळं ठरवून टाकल्याबद्दल. आणि इतकी मर मर करून जी एक गोष्ट मी बरोबर केली, तिचा तर सगळ्यात जास्त आला. जिन्यात जाऊन रडले. मोठ्या सिस्टर वरून येत होत्या, बघून न बघितल्यासारखं करून गेल्या.

दादाचं काय करायचं, नाही माहीत. राग आहेच. तो काही एका दिवसात जाणार नाही.

२५ मार्च

एकला लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

म्हटलं, "बाबा, गुरुवारचं मनावर घेऊ नका. नीट झालेली लाइन पुन्हा गेली. त्या टायवाल्याने परत घाण करून ठेवलीय. तुमचं मला काही ऐकू येत नाही. तुम्ही नुसतं ऐका."

पलीकडे खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मी तो ऐकला नाही.